चार काड्या, एक रुमाल आणि थंडीतली परसबाग



थंडीचा कडाका वाढला की मुलं स्वेटर, कानटोपी घालून शाळेत येतात. पण परसबागेतल्या टोमॅटोला स्वेटर कोण घालणार? हा प्रश्न मला आमच्या वर्गातल्या एका मुलीनं विचारला होता, आणि मी तिला चुकीचं उत्तर दिलं होतं. त्या चुकीतूनच उष्णतेचा एक चांगला पाठ तयार झाला. तो आज तुमच्यासमोर ठेवतो. वर्गात घेता येईल, घरी अंगणात किंवा गच्चीवरही करता येईल, आणि खर्च जवळजवळ शून्य.

काय घडलं होतं?

आमची शाळा निफाड तालुक्यात. नाशिक जिल्ह्याच्या या भागात डिसेंबर-जानेवारीत पारा किती खाली जातो हे तुम्ही बातम्यांत वाचत असालच. काही वर्षी तो 5 अंशांच्याही खाली उतरतो. त्या वर्षी मुलांनी परसबागेत टोमॅटोची चाळीसेक रोपं लावली होती. सुट्टीच्या दिवशीही पाळीपाळीनं येऊन पाणी घातलं होतं. फुलं लागायला सुरुवात झाली, आणि थंडीची लाट आली.

ती मुलगी म्हणाली, "सर, रात्री झाडं झाकू या का? आमची आजी झाकते."

मी म्हणालो, "अगं, गोधडी आपल्याला ऊब देते कारण आपलं शरीर गरम असतं. झाडाच्या अंगात थोडीच तशी उष्णता असते? नुसतं फडकं टाकून काय होणार?" वर आणखी सांगितलं, संध्याकाळी पाणी मारून घ्या म्हणजे झालं. मुलांनी पानांवरूनच भरपूर पाणी मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर पांढरी भुकटी पसरल्यासारखं दहिवर गोठलेलं होतं. ऊन वर आलं तशी टोमॅटोची पानं मऊ पडली, उकडल्यासारखी काळपट झाली आणि लोंबायला लागली. मुलं गप्प उभी होती. काही रडलीसुद्धा.

पण सगळी रोपं गेली नव्हती. आंब्याच्या झाडाखाली आलेली तीन रोपं हिरवीगार होती. स्वयंपाकखोलीच्या भिंतीला लागून असलेली दोन ठीक होती. आणि वाफ्याच्या टोकाची चार रोपं अगदी ताजी होती. त्या मुलीनं माझं न ऐकता चार तुराट्या रोवून त्यांवर जुनं गोणपाट टाकलं होतं.

मी तिला काय उत्तर देणार? पाठ्यपुस्तक उघडून पुन्हा वाचायला बसलो.

पहिलं कोडं: पारा 4 अंश, मग दव गोठलं कसं?

मुलांना आधी हेच विचारा. त्या सकाळी तालुक्याचं किमान तापमान 4 अंशांच्या आसपास सांगितलं होतं. पाणी गोठतं 0 अंशाला. मग गवतावर बर्फ कुठून आला? बातमी खोटी होती का?

बातमी खरीच होती. हवामान केंद्रातला तापमापक पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. तो हवेचं तापमान सांगतो. गवताच्या पात्याचं किंवा टोमॅटोच्या पानाचं सांगत नाही. निरभ्र आणि शांत रात्री उघड्यावरचं पान आजूबाजूच्या हवेपेक्षा 4-5 अंशांनी जास्त थंड होऊ शकतं. म्हणजे पेटीतला पारा 4 दाखवत असताना पान शून्यावर पोहोचलेलं असू शकतं.

पान हवेपेक्षाही थंड कसं होतं? इथे सातवीच्या पुस्तकातलं वहन, अभिसरण आणि प्रारण कामाला येतं. प्रत्येक वस्तू आपली उष्णता प्रारणानं सतत बाहेर फेकत असते. दिवसा पान जेवढी फेकतं त्याहून जास्त सूर्याकडून मिळते. रात्री मिळकत बंद, खर्च मात्र चालूच! आकाशात ढग असतील तर ते यातली बरीच उष्णता परत खाली पाठवतात. आकाश मोकळं असेल तर उष्णता सरळ वर निघून जाते. वारा असेल तर वरची जरा उबदार हवा खाली मिसळत राहते. वारा पडलेला असेल तर थंड, जड हवा जमिनीलगत साचून राहते. म्हणून आपल्याकडे जुनी माणसं संध्याकाळी आकाशाकडे बघून म्हणतात, "आज आभाळ निवळलंय, वारा पडलाय, आज हिव पडणार."

एक सूचना. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात "दवबिंदू गोठले" अशी बातमी येते, तिथे दवबिंदू म्हणजे दवाचा थेंब. दहावीच्या पुस्तकात 'दवबिंदू तापमान' येतं, ते म्हणजे ज्या तापमानाला हवा बाष्पानं संपृक्त होते ते. शब्द एकच, अर्थ दोन. मुलांचा गोंधळ होतो, तेवढं स्पष्ट करा.

हसलेला मी एकटाच नव्हतो

शोधताना मला विल्यम चार्ल्स वेल्स यांची गोष्ट सापडली. हे लंडनमधले डॉक्टर. दव कसं पडतं यावर त्यांनी 1814 मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी त्यात एक कबुली दिली आहे. माळी लोक नाजूक रोपांवर पातळ चटई टाकतात हे पाहून ते आधी हसायचे. एवढ्याशा चटईनं थंड हवा थोडीच अडते, असं त्यांना वाटायचं. पुढे स्वतः प्रयोग केल्यावर कळलं की माळी बरोबर होते आणि अर्धवट ज्ञानाचा गर्व आपल्यालाच होता.

वेल्स यांचा प्रयोग फार साधा होता. चार काड्या जमिनीत रोवल्या आणि त्यांच्या टोकांवर, गवतापासून सुमारे 6 इंचांवर, एक पातळ रुमाल ताणून बांधला. चारही बाजू उघड्या, म्हणजे हवा खेळती. तरीही निरभ्र रात्री रुमालाखालचं गवत शेजारच्या उघड्या गवतापेक्षा उबदार राहिलं. रुमाल हवा अडवत नव्हता. तो गवत आणि आकाश यांच्यामध्ये आला होता. गवतानं वर फेकलेली उष्णता त्यानं आकाशात थेट जाऊ दिली नाही.

आमच्या वर्गातल्या मुलीचं गोणपाट, आंब्याच्या फांद्या आणि लंडनच्या डॉक्टरांचा रुमाल यांनी एकच काम केलं होतं: रोपावरचं उघडं आकाश झाकलं होतं.

आपल्या देशातलं एक उलटं उदाहरणही मुलांना जरूर सांगा. फ्रीज नव्हते त्या काळी अलाहाबादकडे हिवाळ्यात बर्फ बनवत. रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्यानं 1775 मध्ये त्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. मोकळ्या जागी उथळ खड्डे करायचे, तळाशी ऊस किंवा मक्याच्या वाळलेल्या ताटांचा थर द्यायचा, त्यावर मातीच्या उथळ परळांत थोडं थोडं पाणी ठेवायचं. शांत, निरभ्र रात्री हवा शून्याच्या वर असतानाही सकाळी परळांत बर्फ! वरून आकाश उघडं, म्हणून उष्णता निघून जाते. खाली वाळलेली ताटं, म्हणून जमिनीची ऊब परळापर्यंत पोहोचत नाही. आता मुलांना विचारा: "आपल्याला बर्फ नको, झाड वाचवायचंय. मग काय काय उलटं करायचं?" उत्तर मुलं स्वतः देतात: वरून झाका, आणि खालची ऊब येऊ द्या.

प्रयोग: आपला रुमाल, आपलं अंगण

साहित्य: तुराटीच्या किंवा बांबूच्या चार काड्या, एक मोठा रुमाल किंवा जुनी ओढणी, दोरा, प्रयोगशाळेतले दोन साधे तापमापक. ताप मोजायचा तापमापक इथे चालत नाही, त्याचं मापन 35 अंशांच्या आसपास सुरू होतं.

कृती:

1. दोन्ही तापमापक आधी एकाच पेल्यातल्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. वाचनात फरक आला तर लिहून ठेवा. स्वस्त तापमापकांत एखादा अंश फरक असतोच. हे न करता केलेल्या प्रयोगावर विश्वास ठेवू नका.

2. सूर्य मावळायच्या आधी गवतावर किंवा वाफ्यावर चार काड्या रोवा. वीतभर उंचीवर रुमाल ताणून बांधा.

3. एक तापमापक रुमालाखाली, दुसरा दोन-तीन हात लांब, उघड्या आकाशाखाली ठेवा. दोन्ही गवतावर आडवे ठेवा.

4. रात्री 7 वाजता, 9 वाजता आणि सूर्योदयाच्या वेळी वाचन घ्या. रात्रीचं काम मोठ्या माणसांसोबतच करा, टॉर्च जवळ ठेवा आणि गवतात हात घालण्यापूर्वी नीट बघा.

5. सकाळी रुमालाखालच्या आणि बाहेरच्या गवतावर हात फिरवा. दव कुठे जास्त आहे?

6. ढगाळ रात्री हाच प्रयोग पुन्हा करा.

पातळ कापडाखाली साधारण 1 ते 3 अंश फरक दिसेल. ढगाळ किंवा वाऱ्याच्या रात्री तो जवळजवळ नाहीसा होतो. हा न दिसलेला फरकसुद्धा निष्कर्षच आहे, तो वहीत लिहायला सांगा. सकाळचं वाचन मात्र चुकवू नका, कारण रात्रीचं सगळ्यात कमी तापमान पहाटे, सूर्योदयाच्या सुमाराला असतं. मुलांना वाटतं ते मध्यरात्री असतं.

तापमापक नसेल तरी अडत नाही. सकाळी मोकळ्या मैदानातलं गवत ओलंचिंब आणि झाडाखालचं कोरडं असतं. उघड्यावर लावलेल्या मोटरसायकलचं सीट भिजलेलं असतं, पत्र्याखालच्या गाडीचं नसतं. एवढं निरीक्षणही पुरेसं आहे.

थंडीत पानाच्या आत काय होतं?

वनस्पतीच्या पेशींमधल्या रसात साखर, क्षार विरघळलेले असतात, त्यामुळे तो शून्याच्या थोडं खाली गोठतो. पेशींच्या बाहेरच्या फटींतलं पाणी त्यामानानं शुद्ध, ते आधी गोठतं. तिथे तयार झालेला बर्फ पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आतून सुकते, तिचं पटल फाटतं. ऊन आल्यावर बर्फ वितळतो, पण फाटलेलं पटल पाणी धरून ठेवू शकत नाही. म्हणून पान लिबलिबीत आणि काळपट होतं. घरी बघायचं असेल तर टोमॅटोचं एक पान रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि सकाळी बाहेर काढून अर्धा तास वाट बघा.

सगळी झाडं मात्र सारखी नाहीत. मेथी, पालक, कोबी, मुळा, गाजर ही थंडीतली मंडळी, त्यांची फार काळजी नको. टोमॅटो, मिरची, वांगं, भोपळा, पपई, केळ, तुळस ही उष्ण हवेतली. त्यांना बर्फाचीही गरज नसते. रात्रीचं तापमान सलग काही दिवस 10 अंशांखाली राहिलं तरी वाढ थांबते, फुलं गळतात, तुळशीची पानं काळी पडतात. त्यामुळे झाकायला कापड कमी असेल तर आधी ही झाकायची.

आता झाडं वाचवू या

प्रयोग समजला की उपाय पाठ करावे लागत नाहीत.

दिवसा मातीला ऊब साठवू द्या. आमच्या मुलांनी संध्याकाळी पानांवर पाणी मारलं ती माझी दुसरी चूक. ओली पानं पाणी वाळताना आणखी थंड होतात. पाणी सकाळी उशिरा किंवा दुपारी, मुळाशी द्या. ओली माती कोरड्या मातीपेक्षा जास्त उष्णता साठवते आणि खालची ऊब वरपर्यंत सहज पोहोचवते. दहावीला विशिष्ट उष्माधारकता शिकवताना हे उदाहरण हमखास वापरा.

सूर्य मावळायच्या आधी झाका. रात्री दहाला आठवण झाली तर साठलेली ऊब बरीचशी उडून गेलेली असते. जुनी साडी, चादर, गोणपाट, शेडनेट काहीही चालेल. रात्रीची ऊब झाडाच्या अंगातून येत नाही, मातीतून येते, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. म्हणून कापड तंबूसारखं जमिनीपर्यंत आलं पाहिजे. झाडाच्या शेंड्याभोवती गुंडाळून खोडाला गाठ मारली तर मातीची ऊब बाहेरच राहते आणि झाकूनही झाड जातं.

कापड पानाला टेकू देऊ नका. टेकलेल्या जागी पानाची उष्णता थेट कापडात जाते. प्लॅस्टिकचा कागद तर मुळीच टेकू देऊ नका, त्याच्या आतून पाणी साचतं आणि टेकलेलं पान आधी करपतं. तुराट्यांचा सांगाडा याचसाठी हवा.

सकाळी ऊन आलं की काढा. नाहीतर आत कोंडतं, आणि मातीला दिवसाची ऊबही मिळत नाही.

पालापाचोळ्याचं तारतम्य ठेवा. वाळलेल्या पानांचं आच्छादन मुळांना जपतं, ओल टिकवतं. पण ते बार्करनं वर्णन केलेल्या वाळलेल्या ताटांसारखंच मातीची ऊब वर येऊ देत नाही. त्यामुळे दहिवर गोठायची लक्षणं दिसली तर लहान रोपांभोवतीचा पाचोळा सकाळीच बाजूला सारा, मातीला ऊन लागू द्या, रात्री कापड टाका. कडाका सरला की पाचोळा परत पसरा.

लहान रोपांवर पाटी, टोपली किंवा रिकामी कुंडी पालथी घाला. कुंड्या भिंतीलगत, छताखाली आणि एकमेकींना खेटून ठेवा. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या पालकांनी बाल्कनीच्या कठड्याबाहेरच्या कुंड्या आत घेतल्या तरी पुष्कळ झालं, कारण वर स्लॅब आला. गच्चीवरच्या कुंड्यांची मात्र खरी काळजी घ्या.

शेकोटीचं काय?

आमच्याकडच्या मुलांचा हा प्रश्न ठरलेला, कारण द्राक्षबागेत पहाटे शेकोट्या पेटवतात आणि विहिरीचं पाणी सोडतात हे त्यांनी घरी पाहिलेलं असतं. थंडीत द्राक्षमण्यांची फुगवण थांबते, मणी तडकतात. अख्ख्या वर्षाची कमाई पणाला लागलेली असते.

विहिरीचं पाणी पहाटे हाताला कोमट लागतं ते मुलांना माहीत असतं. ती जमिनीच्या पोटातली ऊबच बागेत येते. शेकोटीतही काम करते ती उष्णता, आणि तिच्यामुळे हलणारी हवा. धुराचे कण बारीक असतात, पानाकडून निघणाऱ्या प्रारणाला ते फारसे अडवत नाहीत. म्हणून ओला पाला जाळून नुसता धूर करण्यात अर्थ नाही. एका मोठ्या जाळापेक्षा लहान लहान अनेक शेकोट्या बऱ्या, मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते. शाळेच्या बागेत मात्र शेकोटी नकोच. मुलांना धूर आणि आग दोन्ही नकोत, आणि आपल्या चार वाफ्यांना कापड पुरतं.

झाड करपलंच तर?

लगेच कात्री घेऊ नका. करपलेली पानं खालच्या जिवंत डोळ्यांना थोडा आडोसा देतात, आणि आता छाटलं तर येणारी कोवळी फूट पुढच्या थंडीत सापडते. खतही घालू नका. मुळाशी बेताचं पाणी द्या आणि थंडी ओसरेपर्यंत थांबा. मग जिथून नवीन फूट येईल तिथवर छाटा. आमच्या करपलेल्या रोपांपैकी सात पुन्हा फुटली.

वर्गात विचारायचे प्रश्न

1. ढगाळ रात्रीपेक्षा निरभ्र रात्र जास्त थंड का असते?
2. गोधडी ऊब देते की ऊब राखते? माणसाच्या गोधडीत आणि झाडाच्या गोधडीत ऊब कुठून येते?
3. एकानं झाडाच्या शेंड्याला पिशवी बांधली, दुसऱ्यानं जमिनीपर्यंत साडी सोडली. कुणाचं झाड वाचेल? का?
4. तुमच्या अंगणातली सगळ्यात थंड आणि सगळ्यात उबदार जागा शोधा आणि कारण लिहा.
5. थंडीत झाडं जपायला तुमच्या घरी, शेतात काय करतात ते आजी-आजोबांना विचारून लिहा. मग त्यातला एक उपाय प्रयोगानं तपासा.

शेवटचा प्रश्न कृपया गाळू नका. मुलांनी घरून आणलेली प्रत्येक गोष्ट बरोबर असेलच असं नाही. धुराची गोष्ट आपण वर पाहिलीच. पण ती चूक की बरोबर हे ठरवायला चार काड्या, एक रुमाल आणि एक रात्र लागते. "नुसतं फडकं टाकून काय होणार?" एवढं वाक्य पुरत नाही.

दुसऱ्या वर्षी थंडी पडायच्या आधी त्या मुलीलाच मी परसबागेची प्रमुख केलं. मुलांनी घराघरांतून जुन्या साड्या गोळा केल्या. रोज साडेपाचच्या आत झाकायच्या आणि सकाळी प्रार्थनेनंतर काढून वाळत घालायच्या अशी पाळी लावली. त्या वर्षीच्या खिचडीत आमच्याच बागेतले टोमॅटो होते.

तुम्हीही या हिवाळ्यात रुमालाचा प्रयोग करून बघा.